शुश्रूषा : रुग्णाचे बोलणे आणि परिचर्येचे अध्यापन

परिचर्या या व्यवसायासाठी मराठीत जे अनेक शब्द रूढ आहेत, त्यांत 'शुश्रूषा' हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने सर्वांत विचारार्ह होय. संस्कृतातील 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूच्या सन्नन्त, म्हणजे इच्छार्थक, रूपापासून तो सिद्ध झाला आहे. त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' एवढाच. जो गुरूचे ऐकू इच्छितो तो त्याची आज्ञा पाळतो, आणि जो आज्ञा पाळतो तो सेवा करतो, अशा क्रमाने ऐकण्याची इच्छा, आज्ञाधारकपणा, सेवा आणि शेवटी आजाऱ्याची सेवा असे अर्थांतर होत गेले. मराठीत आज यांपैकी अखेरचा अर्थ तेवढा शिल्लक उरला आहे. आज 'रुग्णाची शुश्रूषा केली' असे म्हणताना रुग्णाचे ऐकून घेतले असे कोणाच्याही मनात येत नाही.

शब्दाचा मूळ अर्थ हा त्याचा खरा अर्थ असतो, असे मानण्याचे कारण नाही. भाषाशास्त्राने ही समजूत केव्हाच टाकून दिली आहे. तथापि या शब्दाच्या इतिहासातील पहिले दोन टप्पे, म्हणजे ऐकण्याची इच्छा आणि आज्ञापालन, यांच्यातील ताण आजच्या परिचर्या-शिक्षणात जसाच्या तसा आढळतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. परिचर्येच्या विद्यार्थ्याने रुग्णाचे ऐकावयाचे असते. त्याला शिकविले मात्र जाते ते वरिष्ठांचे ऐकावयास. विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्याच्या अंगी कोणती कौशल्ये आणि कोणती मूल्ये असावीत, या व्यापक प्रश्नाचा विचार येथे या एका बाजूने, आणि तोही महाराष्ट्रातील वॉर्डापुरता, करावयाचा आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण तेथे दिले आहेत. परिचारकाच्या ठिकाणी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे गुण हवेत. रोग्याच्या गुणांत 'ज्ञापकत्व' हा गुण येतो. म्हणजे आपल्या व्याधीची माहिती नीटपणे सांगता येणे. सांगण्याचा भार येथे रोग्यावर टाकला आहे. परिचारकाच्या चार गुणांत ऐकण्याचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला नाही. कदाचित तो अनुरागात अंतर्भूत मानला असेल. परंतु ज्ञापकत्व हा एकट्या रोग्याचा गुण नव्हे, तो सांगणारा आणि ऐकणारा या दोघांच्या मिळून होणारा व्यवहार आहे, हे संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने ही गोष्ट ओळखली होती. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या परिचर्येवरील छोटेखानी ग्रंथात रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात प्रश्न कसे विचारावेत याचा बारकाईने ऊहापोह केलेला आहे. उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत, आणि रात्र चांगली गेली की वाईट असे मोघम विचारण्याऐवजी झोप किती तास लागली व ती रात्रीच्या कोणत्या प्रहरी, हे विचारावे, असा तिचा आग्रह आहे. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा सुरू झाली. परिचर्येच्या आधुनिक शिक्षणाचा आरंभ जिच्यापासून मोजतात, तिच्या लेखनात प्रश्नाच्या वाक्यरचनेला एवढे स्थान असावे, हे भाषेच्या अभ्यासकांना सुखावणारे आहे. परिचर्येच्या अध्यापकांनीही त्याची आठवण ठेवावयास हरकत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर पुण्याच्या सेवासदनाने १९०९ नंतर रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली विधवा व निराधार स्त्रियांना या शिक्षणाकडे वळविले, त्या वेळी मुख्य अडथळा होता तो प्रतिष्ठेचा. परक्याच्या अंगाला हात लावण्याचे काम कुलीन स्त्रीने करावे काय, असा तो प्रश्न होता. १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे या विषयाचे पदवी-शिक्षण सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. प्रतिष्ठेचा प्रश्न त्यामुळे पुष्कळसा सुटला. परंतु पदवी-शिक्षणाबरोबर इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम आले, आणि एक नवी दरी निर्माण झाली. २०२१ च्या सुधारित पदवी-अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात व्यावहारिक इंग्रजीला स्वतंत्र विषयाचे स्थान आहे, आणि ते योग्यही आहे. पुस्तके, औषधांची वेष्टने, रुग्णाचा केसपेपर, सारे इंग्रजीत असते. खाटेवरचा माणूस मात्र मराठीत कण्हतो. त्याच्या बोलण्यापासून केसपेपरापर्यंतचा प्रवास हे एक भाषांतर आहे, आणि ते दिवसातून अनेकदा, घाईघाईत, बहुधा अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला करावे लागते.

हे भाषांतर किती अवघड आहे, याची कल्पना वेदनावाचक शब्दांवरून येते. रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदनेचे वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत विभागून रुग्णापुढे ठेवावयाचे आणि त्यांतून त्याला लागू पडतील ते निवडावयास सांगावयाचे, अशी तिची रीत आहे. वेदना किती आहे एवढेच विचारून भागत नाही; ती कशी आहे हे कळावे लागते, आणि ते कळण्याचे साधन म्हणजे रुग्णाचा शब्द, हे तिचे गृहीत तत्त्व होय.

मराठीत ही संपत्ती विपुल आहे. फोड ठसठसतो, दाढ ठणकते, जखम चुणचुणते, खरचटलेल्या जागी झोंबते, पायात काटा राहिल्यास सलते, भाजल्यावर आग होते, नवी त्वचा हुळहुळते, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते. यांपैकी ठसठस, चुणचुण, जळजळ, मळमळ, कणकण, हुळहुळ असे कितीतरी शब्द अभ्यस्त आहेत. एकच अवयव दोनदा उच्चारून ते बनले आहेत. ही द्विरुक्ती पुष्कळदा केवळ ध्वनीची हौस नसते. ठसठसणारी वेदना नाडीच्या ठोक्याबरोबर येते व जाते. शब्दाची लय वेदनेच्या लयीशी जुळते. उलट 'चमक' आणि 'कळ' या शब्दांत अशी पुनरावृत्ती नाही, आणि त्या वेदनाही एका झटक्यात उठणाऱ्या आहेत. मेल्झॅकच्या प्रश्नावलीतील पहिलाच गट वेदनेच्या कालिक स्वरूपाचा आहे. मराठीने तोच भेद शब्दांच्या घडणीत साठवून ठेवला आहे. गळू पिकत चालले आहे की केवळ सूज आहे, याविषयीची पहिली शंका अनुभवी परिचारिकेला 'ठसठसतंय' या एका क्रियापदावरून येऊ शकते. केसपेपरावर मात्र त्याऐवजी 'पेन' असे लिहिले जाते, आणि ती माहिती तेथेच संपते.

'कळ' या शब्दाचे वचनही पाहण्यासारखे आहे. पोटात कळ आली, असे कोणीही म्हणू शकेल. परंतु दिवस भरत आलेली स्त्री 'कळा येताहेत' असे म्हणते तेव्हा त्या अनेकवचनाचा अर्थ प्रसूतीला आरंभ झाला असा असू शकतो. एका मात्रेने तातडी बदलते.

याहून गुंतागुंतीचा प्रकार 'अंग' या शब्दाचा. 'ताप अंगावर काढला' म्हणजे उपचार न घेता सोसला. 'बाळ अंगावर पितं' म्हणजे आईचे दूध पिते. 'अंगावर आलं' म्हणजे सूज किंवा पुरळ. आणि 'अंगावरून जातंय' म्हणजे योनिमार्गे स्राव होतो आहे. तो पांढरा असेल, तांबडा असेल, मासिक पाळीचा असेल वा नसेल. शब्दकोश उघडून हे अर्थ कळण्यासारखे नाहीत, कारण ते 'अंग' या शब्दात नसून त्याला जोडलेल्या प्रत्ययात व क्रियापदात आहेत.

समजा, प्रसूतीनंतर तीन तासांनी एक बाई संकोचाने पदर तोंडापाशी धरून म्हणते, "सिस्टर, अंगावरून जरा जास्तच जातंय." खाटेपाशी उभी असलेली विद्यार्थिनी दुसऱ्या प्रांतातून आलेली आहे, किंवा मराठी असूनही हा वाक्प्रचार जेथे वापरत नाहीत अशा घरात वाढलेली आहे. ती हसून म्हणते, "होईल बरं, आराम करा." प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, चोवीस तासांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाणे ही त्याची दीर्घकाळ चालत आलेली व्याख्या होय, आणि डोळ्यांनी अंदाज करताना हे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी धरले जाते, हेही सर्वज्ञात आहे. त्या बाईने आपले ज्ञापकत्व पुरेपूर पार पाडले होते. 'जरा' हा शब्द तिने मर्यादेपोटी वापरला, 'जास्तच' मधील 'च' भीतीपोटी. विद्यार्थिनीने 'जरा' ऐकला आणि 'च' ऐकला नाही.

या विद्यार्थिनीला दोष देणे सोपे आहे. विचारावयाचा प्रश्न असा की तिला हे कोणी शिकवावयाचे होते? अतिरक्तस्रावाची कारणे, गर्भाशयाला मर्दन करण्याची रीत, द्यावयाची औषधे, हे सारे तिला वर्गात शिकविलेले असते, आणि परीक्षेत ते ती बिनचूक लिहितेही. त्या ज्ञानाचा दरवाजा ज्या वाक्याने उघडावयाचा, ते वाक्य मात्र तिला शिकविलेले नसते. रुग्णाच्या वाक्यापासून पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदापर्यंत जाण्याची वाट दाखविता येणे, हे परिचर्येच्या शिक्षकाचे पहिले कौशल्य मानावयास हवे. इतर अनेक कौशल्ये त्यावाचून निरुपयोगी ठरतात.

त्यासाठी एक साधी रीत वॉर्डात अवलंबिता येते. विद्यार्थ्याने वहीत दोन रकाने आखावेत. पहिल्यात रुग्णाचे वाक्य जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत लिहावे आणि दुसऱ्यात त्याची वैद्यकीय संज्ञा. पहिला रकाना भरल्याखेरीज दुसऱ्यास हात लावू नये. बोलीभाषांचे क्षेत्रकार्य करणारे अभ्यासक हेच करतात : आधी उच्चारलेले वाक्य, मग त्याचे विश्लेषण. संज्ञा आधी लिहिली की ऐकलेले वाक्य तिच्या साच्यात बसविले जाते, आणि न बसणारा भाग आपोआप गळून पडतो.

बोलीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. नागपूर-वऱ्हाडकडचा रुग्ण 'पोट दुखून राह्यलं' असे म्हणतो. तिकडच्या बोलीत 'ऊन राहणे' ही अपूर्ण वर्तमानकाळाची नित्याची रचना आहे. तिचा अर्थ 'पोट दुखत आहे' एवढाच. पुण्याकडील विद्यार्थ्याच्या कानाला मात्र तीत 'सारखे, न थांबता दुखते आहे' असा अर्थ जाणवण्याचा संभव असतो, आणि मधूनमधून येणारी वेदना 'सतत' म्हणून नोंदली जाते. 'परवा' या शब्दाची अडचण तर सर्वत्र सारखीच. गेलेला आणि येणारा असे दोन्ही दिवस या एका शब्दाने दाखविले जातात. वाक्यात क्रियापद असेल तर काळ कळतो, पण रुग्ण अर्धवट वाक्यांत बोलतो. "ड्रेसिंग परवा" या दोन शब्दांवरून ते झाले आहे की व्हावयाचे आहे, हे सांगता येणार नाही. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतून अनेक दशके सेवा करीत आलेल्या केरळी परिचारिकांनी ही सारी मराठी वॉर्डातच, रुग्णांच्या तोंडून आत्मसात केली आहे. त्यांच्या या स्वकष्टार्जित ज्ञानाचा अध्यापनात उपयोग करून घेण्याची कल्पना मात्र फारशी कोणास सुचलेली दिसत नाही.

वेदनेचे प्रमाण शून्य ते दहा या अंकांत विचारण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. जुन्या पिढीतील पुष्कळ रुग्णांना ती कृत्रिम वाटते. हीच माणसे "आता बारा आणे बरं आहे" असे सहज सांगतात. आण्यांचे चलन १९५७ मध्ये दशमान पद्धतीने मागे टाकले. भाषेत ते अजून चालते. विद्यार्थ्याने हे मोजमाप स्वीकारावे, परंतु एक सावधगिरी बाळगावी : आण्यांत सांगितला जातो तो उतार, उरलेली वेदना नव्हे. बारा आणे बरे म्हणजे चार आणे दुखणे शिल्लक आहे. दहांपैकी साडेसात असे लिहून ठेवल्यास अर्थ नेमका उलटा होईल.

आता प्रश्न असा की या गोष्टी अनुभवी परिचारिकेला ठाऊक असतात. मग ती त्या शिकवीत का नाही? पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परिचारिकेच्या विकासाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत, नवशिक्या अवस्थेपासून तज्ज्ञ अवस्थेपर्यंत. नवशिकी नियमांवर चालते. तज्ज्ञ परिचारिका नियमांपलीकडे जाऊन परिस्थिती एका दृष्टिक्षेपात ओळखते. आणि कशावरून ओळखले असे विचारले तर तिला ते बहुधा सांगता येत नाही. भाषेच्या अभ्यासकास हे चित्र परिचयाचे आहे. मराठी ज्याची मातृभाषा आहे त्याला 'मला ताप आला' आणि 'मी ताप घेतला' यांतील कोणते वाक्य शुद्ध, हे क्षणात कळते. का, ते सांगता येत नाही. मातृभाषा बोलता येणे निराळे आणि तिचे व्याकरण सांगता येणे निराळे. उत्तम परिचारिका ही उत्तम शिक्षिका होतेच असे नाही, याचे कारण हेच. शिक्षिका होण्यासाठी तिने आपल्या कौशल्याचे व्याकरण लिहावे लागते.

हे व्याकरण लिहिण्याचा मार्ग म्हणजे काम करता करता मोठ्याने विचार करणे. "आजोबा काल उशीला टेकून बोलत होते, आज बसून, पुढे वाकून बोलताहेत, एका श्वासात चार शब्दच होताहेत, म्हणून आधी ऑक्सिजनचे प्रमाण पाहू." विद्यार्थ्याला यातून मिळतो तो निष्कर्ष नव्हे, निष्कर्षाकडे जाणारी पावले. शिक्षिकेलाही हे प्रारंभी अवघड जाते. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीची कारणे शोधताना तिला स्वतःच्याच ज्ञानाविषयी शंका येऊ लागते, आणि विद्यार्थ्यांपुढे शंका दाखविणे कमीपणाचे आहे असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः हा समज टाकता येणे, हेच येथे मूल्य म्हणून सांगावयाचे आहे. 'कसंतरीच होतंय' असे रुग्ण म्हणाला आणि नाडी, रक्तदाब, श्वास सारे ठीक निघाले, तर काय करावे? परिचारिकांना वाटणारी अस्पष्ट काळजी ही प्रकृती ढासळण्याची पूर्वसूचना असू शकते, असे दाखविणारे संशोधन गेल्या दोन दशकांत पुढे आले आहे. रुग्णाने आपणहून व्यक्त केलेली अस्वस्थता हे त्या काळजीचे एक कारण त्यात नोंदलेले आहे. तेव्हा 'कसंतरीच' हा निरर्थक शब्द नव्हे, ज्याचे नाव अजून ठरलेले नाही अशा लक्षणाचा तो वाचक आहे, असे शिकवावे लागते.

मूल्यांच्या अध्यापनाविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यातील बराच भाग सद्गुणांच्या याद्या देण्यात खर्च होतो. विद्यार्थी मूल्ये शिकतो ती मात्र सर्वनामांतून. खाटेशी उभे राहून शिकविताना शिक्षक रुग्णाचा निर्देश कसा करतो, याकडे तो पाहत असतो. 'हा बारा नंबर' असे म्हटले की रुग्ण तृतीय पुरुषात गेला. तो समोर असून संभाषणाबाहेर पडला. शिक्षकाने प्रथम रुग्णाकडे वळून, या मुलांना तुमच्या दुखण्याविषयी सांगू का, असे विचारले, तर अनुमती, गोपनीयता आणि सन्मान यांवरील तीन व्याख्यानांचे काम एका वाक्यात होते.

'तू' आणि 'तुम्ही' यांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. चश्मा लावलेल्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या रुग्णास 'तुम्ही' आणि ऊसतोडणीहून आलेल्या त्याच वयाच्या बाईस 'तू' असे चालले असेल, तर विद्यार्थी समतेचा पाठ कसा शिकणार? तथापि सर्वांना सरसकट 'तुम्ही' म्हणावे, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. मराठीत आईला व पुष्कळ घरी आजीलाही 'तू' म्हणतात. एखाद्या म्हातारीला 'अगं आजी, घे बरं दोन घास' या एकेरीतच आपलेपणा वाटेल. म्हणून शिकवावयाचे ते हे की एकेरी येथे नात्यातून आली आहे की दर्जातून, हे ओळखावे. शंका असेल तेथे 'तुम्ही' बरे.

'आपण' या सर्वनामाची गोष्ट आणखी निराळी. मराठीत ऐकणाऱ्यास वगळणारे 'आम्ही' आणि त्यास सामावून घेणारे 'आपण' असा भेद आहे. इंग्रजीत तो नाही. "आपण आता कूस बदलू या" असे परिचारिका म्हणते, तेव्हा कूस एकट्या रुग्णाचीच बदलावयाची असते. परंतु श्रम दोघांचे आहेत, हे त्या 'आपण'ने कबूल केलेले असते. परदेशांत वृद्धांशी लहान मुलांप्रमाणे बोलण्याच्या सवयीचा अभ्यास झाला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांशी अशा रीतीने बोलल्यास ते शुश्रूषेला अधिक विरोध करतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले. तेथे दोषी ठरलेल्या लकबींत हे समावेशक बहुवचनही आहे. मराठी 'आपण'ला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे घाईचे होईल. "आपण शहाण्यासारखं औषध घेतो ना?" यातील 'आपण' लहान मुलाशी बोलण्याचे आहे, वरच्या वाक्यातील नव्हे. विद्यार्थ्यांना ही दोन वाक्ये शेजारी ठेवून त्यांतील फरक विचारावा.

शुश्रूषेच्या दुसऱ्या अर्थाकडे, म्हणजे आज्ञाधारकपणाकडे, आता वळावयास हवे. वरिष्ठांची आज्ञा न पाळणारी परिचारिका धोकादायक असते, यात संशय नाही. चुकीची आज्ञा मुकाट्याने पाळणारी परिचारिका तितकीच धोकादायक असते, हे मात्र उशिरा मान्य झाले. १९९९ साली अमेरिकेतील वैद्यकीय चुकांसंबंधी जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यानंतर चुका व्यक्तीच्या बेफिकिरीपेक्षा कामाच्या रचनेत शोधाव्या, हा विचार जगभर रुजला. अमेरिकेच्या नौदलातून रुग्णालयांत आलेली निवेदनाची एक चौकट आता आपल्याकडेही शिकवितात : प्रथम परिस्थिती, मग पूर्वपीठिका, मग स्वतःचा अंदाज, मग मागणी. पहिल्या दोन पायऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना सहज जमतात. तिसऱ्या पायरीपाशी ते अडखळतात. रात्री दोन वाजता डॉक्टरांना दूरध्वनी करून "मला वाटतं, यांना रक्तस्राव होतोय, तुम्ही आत्ता यायला हवं" असे म्हणणे एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला भाषेच्या दृष्टीनेच अवघड आहे, लहानपणापासून मोठ्यांना तिने "यायला हवं" असे म्हटलेले नसते. हे वाक्य तिच्याकडून मोठ्याने, अनेकदा, वर्गात म्हणवून घ्यावे लागते. नुसते 'धीटपणे बोला' असे सांगून ते होत नाही.

चूक सांगण्याचेही तसेच. मराठीत चूक कर्त्यावाचून सांगता येते : "औषध द्यायचं राहिलं", "सलाइन संपलं". नैतिक दृष्टीने कडक असलेल्या शिक्षकाला ही पळवाट वाटते, आणि तो दरडावतो, "राहिलं म्हणजे काय? तू विसरलीस म्हण!" हे दरडावणे जर वॉर्डाच्या मध्यभागी, रुग्णांच्या देखत झाले, तर पुढच्या वेळी ती विद्यार्थिनी "राहिलं" असेही म्हणणार नाही, ती काहीच म्हणणार नाही, आणि तक्त्यावर औषध दिल्याची खूण मात्र होईल. अकर्तृक वाक्य हे चुकीचे पहिले, घाबरलेले निवेदन आहे. ते ऐकून घ्यावे, रुग्णाला काही अपाय झाला काय हे आधी पाहावे, डॉक्टरांना कळवावे, आणि कर्ता नंतर, दार लावून, शांतपणे विचारावा. बहुधा "माझ्याकडून राहिलं" असे उत्तर येते. त्यात जबाबदारी पुरेशी आहे.

यावरून शिक्षकाने सौम्य असावे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अपुरा ठरेल. आकड्यांच्या बाबतीत सौम्यता उपयोगाची नाही. इंग्रजी 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', मराठी 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांतील गोंधळ ठाऊक असलेल्या शिक्षकाने औषधाची मात्रा 'एक, पाच' अशी अंक सुटे करून वदवून घ्यावी व ऐकणाऱ्याने ती उलट म्हणून दाखवावी, हा नियम एकदाही शिथिल करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली परिचर्येच्या शिक्षकांसाठी क्षमतांची जी चौकट प्रसिद्ध केली, तीत आठ क्षेत्रे आहेत आणि संप्रेषण हे त्यांतील एक आहे. चौकट उपयुक्त आहे. परंतु संप्रेषणाला आठांतील एक मानल्याने ते उरलेल्या सातांपासून वेगळे शिकविता येते असा भास होतो. परीक्षेच्या कार्यक्रमात तर ते तसेच होते. रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये डंडी येथे मांडलेल्या वस्तुनिष्ठ प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थी ठराविक मिनिटांनी एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जातो. आपल्याकडे या पद्धतीची परीक्षा घेताना संभाषणाच्या स्थानकावर विद्यार्थ्याने नमस्कार केला काय, स्वतःचे नाव सांगितले काय, आभार मानले काय, यांवर खुणा केल्या जातात. हे सर्व बोलणे आहे. ऐकणे त्यात नाही. रुग्णाची भूमिका करणाऱ्या बाईच्या तोंडी "अंगावरून जरा जास्तच जातंय" हे वाक्य घालावे, आणि विद्यार्थ्याने त्यानंतर कोणता प्रश्न विचारला, एवढेच पाहावे. कधीपासून, रंग कसा, गाठी पडतात काय, घड्या किती बदलल्या, चक्कर येते काय. आणि यांतील पहिला प्रश्न तोंडातून निघण्यापूर्वीच हात पोटावर, गर्भाशय आवळलेले आहे की सैल पडले आहे हे पाहण्यासाठी, गेला काय.